दामिनीचा सादळलेला कागद

सोमवारपासून दामिनी आईशी नीट बोलायला लागली होती, आणि संजीवनीच्या जिवाला घोर लागला होता तो त्याचाच.

एरवीचं दामिनीचं बोलणं म्हणजे, "आई, हात लावू नको." "आई, खिडकी कोणी उघडली?" "आई, तू आधी खाली जा बघू." ही तीन वाक्यं कानावर पडली की पोरगी ठणठणीत आहे, हे संजीवनीला कळायचं. पण सोमवारी दामिनीने आपला चहाचा कप स्वतः विसळला. मंगळवारी ती दुधी भोपळ्याच्या भाजीला छान म्हणाली. आणि बुधवारी सकाळी संजीवनी भाकरी थापत असताना मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझे गुडघे कसे आहेत गं आता?"

संजीवनीने तव्यावरची भाकरी तशीच सोडली, मागच्या दारी गेली आणि गोठा झाडणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, दामिनी घर सोडून चाललीय."

"कुठं?" ज्ञानेश्वरने झाडू न थांबवता विचारलं.

"ते नाय माहीत. पण गुडघ्यांची चौकशी केली तिनं."

"मग सांगायचं ना, दुखतात म्हणून."

ज्ञानेश्वर मुरबाडच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. तिथला यंत्रांचा धडधडाट ऐकून ऐकून त्याला घरातले बारीक आवाज येईनासे झालेत, असं संजीवनीचं मत होतं. ती स्वतः बी. ए. होती. बी. ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर होता, आणि त्या एका पेपराच्या जोरावर ती सव्वीस वर्षं दामिनीची काळजी करत आली होती.

दुपारी ती माळ्याच्या जिन्याखाली तांदूळ निवडायला बसली. तांदूळ निवडलेलेच होते, पण बसायला काहीतरी निमित्त हवं. वर माळ्यावर दामिनी फोनवर बोलत होती. "एसी चालतो ना पण?... दिवसभर चालू ठेवावा लागेल मला... नाही हो, माणसासाठी नाही, कागदासाठी... हो, शनिवारी क्लास आहेच माझा. चार वाजता येऊनच सांगते, हो की नाही ते."

म्हणजे शहापूर. दर शनिवारी आणि रविवारी दामिनी शहापूरला चित्रकलेचा क्लास घ्यायला जायची. तिथे एक खोली, त्या खोलीत एसी, आणि त्या एसीखाली दामिनीचा कागद. संजीवनीने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले.

दामिनी जन्मली त्या दिवशी टोकावड्याच्या रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर वीज पडून जळाला होता आणि वैशाखरे गावाने अकरा दिवस कंदिलावर काढले होते. म्हणून आजोबांनी नाव ठेवलं दामिनी. गावाला नाव आवडलं, वायरमनला नाही.

हातात काही धरता येऊ लागल्यापासून ती चित्रं काढत होती. चुलीतल्या कोळशाने भिंतीवर बैल काढायची. भिंतीला चुना दिला की गावाला वाटायचं, बैल विकले. मग ती पुन्हा जोडी उभी करायची. सातवीत असताना तिने तालुक्याच्या स्पर्धेसाठी भाताच्या झोडणीचं चित्र काढलं. दिवस पावसाचे, रंग काही वाळेना. ती शाळेत गेलेली असताना संजीवनीने मदत म्हणून ते चित्र गरम कुकरच्या झाकणावर पसरलं. चित्र वाळलं, पण झोडणाऱ्या माणसांच्या मधोमध एक मोठा तपकिरी गोळा उमटला. दामिनी घरी आली, चित्र बघितलं आणि म्हणाली, "हे कोणी केलं?"

संजीवनीच्या तोंडून निघून गेलं, "मांजर बसलं होतं वाटतं."

मांजर इतकं गोल आणि इतकं गरम कसं बसलं, हे दामिनीने विचारलं नाही. तिने त्या गोळ्याची भाताची रास केली आणि तिसरा नंबर आणला. संजीवनीच्या मनाला ते लागून राहिलं, पण सवय पडली तीही तेव्हाच. तेव्हापासून आजवर घरात तीन मांजरं झाली. एक पांढरं, एक काळं आणि हल्लीची चिंगी. दामिनीच्या चित्रांचं आईच्या हातून जे जे बिघडलं, ते ते त्या त्या वेळच्या मांजराच्या नावावर गेलं. चिंगी तर बिचारी रंगाच्या वासाने माळ्याकडे फिरकायचीही नाही.

पुढे दामिनीने ठाण्याकडे राहून चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, शहापूरच्या एका शाळेत तासिकेवर शिकवलं आणि तासिका बंद झाल्यावर स्वतःचा क्लास सुरू केला. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "आधी माळ्याला खिडकी करून द्या." बापाने खिडकी करून दिली. तेव्हापासून लग्नाचं विचारायचीच चोरी झाली, कारण आता ती काय मागेल याचा भरवसा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी शहापूरला बियाणांचं एक प्रदर्शन भरलं होतं. पुण्याकडची एक संस्था जुन्या भातांची नोंद ठेवते, तिने ते मांडलं होतं. दामिनीने तिथले फोटो पाहिले आणि संस्थेच्या स्नेहल मॅडमना तोंडावर सांगितलं, "या फोटोत डांगी कुठलं आणि झिणी कुठलं, ते माझ्या बापालाही सांगता येणार नाही. मी काढून देते." मॅडमनी परीक्षा म्हणून एक लोंबी काढायला दिली. दामिनीने ती अशी काढली, की मॅडमनी कागदावरचं कुसळ बोटाने झटकायला बघितलं. सोळा चित्रांचं काम मिळालं.

भात निसवतं, म्हणजे पोटरीतून लोंबी बाहेर येते, तेव्हा त्याचं फूल सकाळी दोन-तीन तासच उघडं असतं. दामिनी तेव्हा बांधावर बसायची. पायात गमबूट, बांबूला बांधलेली छत्री, तोंडात आडवा धरलेला ब्रश. येणारा-जाणारा विचारायचा, "भात मोजतेस का गो?" शेजारची सावळी नावाची म्हातारी म्हणायची, "नुसतीच बसतेस तं आमच्या शेतात बस. पाखरं तरी येनार नाय." दामिनी एक दिवस खरंच तिच्या शेतात जाऊन बसली, आणि सावळीने गावभर सांगितलं की पोर गुणाची आहे.

भाताचं सगळं जमलं होतं. जमत नव्हतं ते कागदाचं.

वैशाखरे गाव घाटाच्या पायथ्याशी. सप्टेंबरात सकाळी ढग खाली उतरून पडवीत येऊन बसतो. अकराला लख्ख ऊन पडतं आणि माळ्यावरचा पत्रा तापतो. तीनला सर येते आणि संध्याकाळी पुन्हा ढग हजर. दामिनीचा कागद जाड, हाताला खडबडीत, चांगल्यातला चांगला. पण कागदच तो. ढग आला की पाणी पिऊन फुगायचा, पत्रा तापला की आकसायचा, आणि दिवसातून चार वेळा हे झालं की त्याला पोक निघायचं. वर जलरंगाचा हात फिरला की विचारूच नका. चित्रातलं भात सरळ उभं आणि खालचा कागद मात्र नांगरलेला.

दामिनीने हवेतला दमटपणा मोजायचं एक छोटं यंत्र आणलं होतं. घरात त्याला मीटर म्हणायचे. संजीवनी ते ताप बघितल्यासारखं बघायची आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवायची. ज्ञानेश्वर पाळीवरून आला की हात-पाय धुवायच्या आधी त्याला कळायचं, "आज सकाळी ब्याण्णव होतं. दुपारी एकसष्टावर उतरलं, मला जरा बरं वाटलं. आता पुन्हा चढलंय."

"कोणाला?" तो विचारायचा.

गणपती झाल्यावर दामिनीने पहिली चार चित्रं पाठवली. सोमवारी ती चित्रं परत आली. स्नेहल मॅडमचा फोनही आला. चित्रं फार सुंदर आहेत, पण कागद लाटा लाटांचा आहे, त्याची सावली पडते, छापायला घेता येत नाहीत. दसऱ्यानंतर आठ दिवसांत हीच चार सपाट कागदावर करून मिळाली तर ठीक, नाहीतर नाइलाज आहे, काम दुसरीकडे द्यावं लागेल. दामिनी "हो मॅडम, समजलं मॅडम" म्हणाली, फोन ठेवला आणि खाली येऊन चहाचा कप विसळला. तिचं नीट बोलणं सुरू झालं ते तिथून.

संजीवनीने आपल्या परीने काही कमी केलं नव्हतं. जन्मभर तिने सादळण्याशीच झुंज दिली होती. पापड सादळतात, काडेपेटी सादळते, मीठ सादळतं, वह्या सादळतात. या सगळ्यांना तिने पुरून उरून दाखवलं होतं, तर एका कागदाचं काय. आधी तिने माळ्याच्या चार कोपऱ्यांत चार वाट्या खडेमीठ ठेवलं, दमटपणा ओढून घेईल म्हणून. मिठाने तो इतका ओढला की वाट्या भरून वाहिल्या आणि ते पाणी फळ्यांच्या फटीतून गळून ज्ञानेश्वरच्या आमटीत पडलं. त्याने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "आज मीठ वरून घातलंस?" वाट्या कोणी लवंडल्या याचा तपास झाला. चिंगीचं नाव निघालं.

मग तिने परत आलेलं एक चित्र धोतराच्या घडीत घालून इस्त्रीखाली धरलं. ते दुपारभर पाटासारखं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी ढग आल्याबरोबर पुन्हा उठून बसलं. मग कुक्कुटपालनवाल्या सुनिलकडून कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचा मोठा बल्ब आणला. बल्बाकडची बाजू सुकली, पलीकडची ओली राहिली आणि कागदाने कौलासारखी कमान टाकली. शेवटचा उपाय म्हणून तिने चारही चित्रं प्लायवूडच्या दोन फळ्यांत घालून ज्ञानेश्वरच्या गादीखाली ठेवली आणि त्याला बजावलं, "कूस बदलायची नाय."

सकाळी ज्ञानेश्वर वाकून उठला. चित्रंही तशीच निघाली.

"माझ्या पाठीत चार जातींचं भात रुतलंय," तो म्हणाला. "त्यातलं गरवं कुठलं आणि हळवं कुठलं ते पण सांगतो, बघ."

घरी एसी बसवायचा म्हटलं, तर गावचं व्होल्टेज असं की मिक्सर लावला तरी ट्यूबलाइट मान टाकायची.

गुरुवारी काळूराम आला. काळूराम घाटाखालच्या वाडीतला, वाडीच्या ढोलांना कातडं चढवणारा. नवरात्र आठवड्यावर आलं होतं. बाजारातून परत जाताना तो पडवीत टेकला, बाजूला पिशवीत बकऱ्याचं कातडं. परत आलेली चित्रं बाकावर पसरली होती, ती त्याने निरखून पाहिली.

"हे काय गो दामिनी, पापड घातलेस का?"

"चित्राचा कागद आहे, काका. सादळलाय," दामिनी नीट म्हणाली.

"किती पण कोरडा ठेवा, फुगतोच," संजीवनी चहा देत म्हणाली. "मीठ ठेवलं, बल्ब लावला, इस्त्री केली."

इस्त्रीचं ऐकून दामिनीने आईकडे पाहिलं. संजीवनीने चिंगीकडे पाहिलं.

"तितंच चुकलं तुमचं, वयनी," काळूराम म्हणाला. "तुमी त्याला कोरडा ठेवता."

"मग काय भिजवू?"

"भिजवाच."

संजीवनीला वाटलं, हा थट्टा करतोय. पण काळूरामने पिशवीतलं कातडं बाहेर काढून मांडीवर घेतलं.

"हे असं कोरडं चढवलं ढोलावर तं काय व्हईल? पयली सर आली का ढिलं. पोरं बडवतील आनि आवाज येल गोनपाटाचा. म्हनून आमी त्याला आदीच पानी पाजतो. पोटभर. त्याला जेवडं फुगायचंय तेवडं फुगून घे म्हनतो. मंग वलंच चढवतो, कडा खाली वळवून आवळून टाकतो. सुकताना त्याला आकसायला जागाच नाय. मंग ते आपलं आपन ताणतं. मंग किती पन पाऊस येऊ दे."

दामिनी कपाळावर हात मारून म्हणाली, "कलाशाळेत हेच शिकवलं होतं आम्हाला." तिथे ओला कागद फळीवर ताणून चारी कडांना गोंदाची पट्टी लावायचे. पट्टी ओली केली की चिकटते. दामिनीने घरी आल्या आल्या त्या पट्टीचं एक भेंडोळं आणलंही होतं, पण पहिल्याच पावसाळ्यात ते अख्खं सादळून एकजीव झालं. संजीवनी ते पाटा-वरवंट्यातला वरवंटा म्हणून वापरता येईल का, याचा विचार करत होती.

"पण धरून ठेवणार कशानं?" दामिनी म्हणाली. "ती पट्टी इथं टिकत नाही."

"खळ," संजीवनी म्हणाली.

"काय?"

किती दिवसांनी दामिनीच्या आवाजाला धार आली होती. संजीवनीला बरं वाटलं. "तांदळाच्या पिठाची खळ. घट्ट. पतंगाला लावतात ती. तू कडा खाली वळव, मी खळ लावते, वरून टाचण्या मार."

"वयनी शिकलेल्या हायेत," काळूराम म्हणाला आणि कातडं घेऊन उठला.

शुक्रवारी संध्याकाळी दामिनीने आईला समोर बसवून सांगितलं. चांगले कागद दोनच उरलेत. त्यातला एक उद्या सकाळी ताणायचा. नीट ताणला गेला, तर चारही चित्रं इथेच होतील, आणखी कागद मागवता येतील, आणि शहापूरच्या खोलीला ती नाही म्हणेल. नाही ताणला गेला, तर चार वाजता हो म्हणून यायचं. "मला इथेच राहायचंय आई. भात इथं आहे. पण कागदच राहत नसेल, तर मी राहून काय करू?"

हे ती चिडून बोलली असती, तर संजीवनीला एवढं वाटलं नसतं.

शनिवारी उजाडताच पडवीत निळं प्लास्टिक पसरलं. चारी बाजूंनी विटा लावून त्याचं तळं केलं आणि कागद त्यात बुडवला. संजीवनी जन्मभर जे होऊ नये म्हणून धडपडली, ते ती आपल्या हाताने करत होती. कागद भिजून ओल्या लुगड्यासारखा जड झाला. दोघींनी तो प्लायवूडच्या फळीवर घातला, ओल्या फडक्याने मधून बाहेर सारवल्यासारखा सपाट केला, कडा खाली वळवल्या, खळ लावली, टाचण्या मारल्या आणि फळी माळ्यावर नेऊन ठेवली.

"आता सावलीत, आपला आपण सुकू द्यायचा," दामिनी सातच्या एसटीसाठी धावपळ करत म्हणाली. "हात लावायचा नाही. मध्ये एकदा खूप फुगेल, लाटा येतील. ते तसंच होतं, सुकलं की जातात. तीन वाजता फोटो पाठव. कळलं?"

"कळलं," संजीवनी म्हणाली. तिचं लक्ष दामिनीने छत्री घेतलीय का, याच्याकडे होतं.

आठला कागद सपाट होता. साडेनऊला त्याला एक लाट आली. दहाला दुसरी, आणि अकराला कागद मधोमध असा उठला, की संजीवनीला तळलेली पुरी आठवली. मीटर एक्क्याण्णव. ज्या उन्हाची ती रोज वाट बघायची, ते नेमकं आज पडलं नाही. ढग पडवीतून हलायला तयार नव्हता. ज्ञानेश्वर पाळीवर. ती जिना चढली, उतरली, पुन्हा चढली. साडेबारापर्यंत असं अकरा वेळा झालं. गुडघ्यांची चौकशी आता करायला हवी होती, तर दामिनी शहापुरात.

कागद बिघडला, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तीन वाजता याचा फोटो जाणार आणि चार वाजता पोरगी जाणार. सुनिलला परत द्यायचा राहिलेला पिल्लांचा बल्ब कोपऱ्यात तिच्याकडे बघत होता.

तिने तो कागदावर हातभर उंचीवर टांगला. हात कुठे लावला होता तिने? बल्ब तर लावला होता.

आणि काय सांगावं, पंधरा मिनिटांत लाटा उतरायला लागल्या. संजीवनी हरखली. तिने बल्ब वीतभर खाली घेतला. अर्ध्या तासात कागद असा सपाट झाला की त्यावर पाण्याचा थेंब ठेवला असता, तर तो कुठे जाऊ या विचारात पडला असता. तिने न राहवून नखाने हळूच टिचकी मारली. टण्. ढोलासारखा नाही, पण टिमकीसारखा नक्की. एवढा गोड आवाज तिने किती दिवसांत ऐकला नव्हता. तिने दुसरी टिचकी मारायचा मोह आवरला आणि चहा टाकायला खाली गेली. बल्ब तसाच.

चहा गाळताना वर फाट्ट असा आवाज झाला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर झोपलेली चिंगी उठून संजीवनीच्या पायांतून थेट अंगणात गेली.

कागद एका कोपऱ्यापासून दीड वीत फाटला होता. अगदी सरळ, सुरीने कापावा तसा.

संजीवनी त्याच्यापुढे किती वेळ बसली, तिचं तिलाच कळलं नाही. खाली काळूरामची हाक आली तेव्हा दोन वाजून गेले होते. नवा ढोल खांद्याला लावून तो मुद्दाम कागद बघायला आला होता. माळ्यावर येऊन त्याने फाटलेली कड चाचपली, मग वर टांगलेला बल्ब बघितला.

"कुनी तापवला?"

"चिंगी," संजीवनी म्हणाली. "म्हणजे, ती पळाली ना एकदम. मी बघितली."

"मांजर तापवत नाय, वयनी."

काळूरामने फाटलेल्या जागेपासून लांबच्या कोपऱ्यावर बोट दाबून पाहिलं. तिथे कागद अजून कडक होता.

"ताणला होता पन मस्त. ढिलं कदी फाटत नाय. ताणलेलंच फाटतं." तो उठला. "घाई केली. सावलीत सोडला असता तं आता वाजला असता."

"वाजला होता," संजीवनी पटकन म्हणाली. "मी ऐकला."

"मंग झालं तं," असं म्हणून काळूराम जिना उतरला आणि ढोल वाजवत वाडीकडे गेला.

तीन वाजले. संजीवनीने फाटलेल्या कागदाचा फोटो काढला आणि दामिनीला पाठवायला बोट उचललं. मग थांबली. फोटोत फाटलेला कागद दिसत होता, बल्ब दिसत नव्हता, आणि टण् तर फोटोत येतच नाही. तो आवाज फक्त तिने ऐकला होता. हा फोटो एकटा गेला, तर दामिनी एवढंच समजेल, की इथं ओला कागदही टिकत नाही आणि कोरडाही. ती काही विचारणार नाही. नीट म्हणेल, "असू दे आई, तू तरी काय करणार," आणि जाऊन हो म्हणून येईल. मग शहापूरहून रोज फोन करील, गुडघ्यांची चौकशी करील, आणि आयुष्यभर आईशी नीट बोलेल.

आणि खरं सांगितलं तर? संजीवनीला पुढचं सगळं ऐकू यायला लागलं. आई, तुला सांगितलं होतं ना. आई, हात लावू नको म्हटलं होतं. आई, तो बल्ब आधी त्या सुनिलला नेऊन दे. एक कागद उरलाय, त्याच्यापासून दहा हात लांब राहायचं, आई. तू खाली जा बघू आधी. निदान दिवाळीपर्यंत हेच ऐकावं लागणार होतं.

तिला एकदम हलकं वाटलं.

चिंगी अंगणातून परत आली होती आणि जिन्याच्या तळाशी बसून वर बघत होती. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. क्लास साडेतीनला सुटतो, खोलीवाल्या बाईंचं घर तिथून पाच मिनिटांवर. फोटो पुसून संजीवनीने दामिनीला फोनच करायचं ठरवलं. एवढंच ठरायचं राहिलं होतं, की सुरुवात कुठून करायची. बल्बापासून केली, तर आधी इस्त्रीचं येणार, इस्त्रीच्या आधी मिठाच्या वाट्या, आणि वाट्यांच्या आधी दोन मांजरांचा अख्खा जन्म.

सातवीतल्या कुकरपासून करावी, असं तिने ठरवलं आणि दामिनीचं नाव दाबलं.